लहानग्यांची भातुकली : काय घ्यावे, कितीला घ्यावे, काय टाळावे

घरात एक ते तीन वर्षांचे मूल आहे आणि खोट्या भाज्या-फळांचा संच किंवा भातुकली घ्यायची आहे, तर उत्तर आधी घ्या. पाचशे रुपये पुरतात. सहा ते आठ नग पुरतात. बॅटरी नको, चुंबक नको, चार सेंटिमीटरपेक्षा लहान काहीही नको. आणि रोज दहा-पंधरा मिनिटे घरातल्या एका मोठ्या माणसाने जमिनीवर बसून त्या खेळात भाग घ्यायला हवा. ही शेवटची गोष्ट होणार नसेल, तर पाच हजारांचा संच आणूनही मुलाच्या बोलण्यात फरक पडणार नाही.

वयानुसार काय घ्यायचे, काय भावाने, कुठे, दुकानात काय तपासायचे, पैसे कुठे जास्त जातात आणि घरी खेळ कसा लावायचा, हे सगळे पुढे ओळीने दिले आहे. किमती साधारण आहेत. शहर, दुकान आणि सणाचे दिवस यांनुसार त्या वरखाली होतील. भाव करताना अंदाज म्हणून वापरा.

कोणत्या वयाला काय

एक ते दीड वर्ष. या वयात हातात आलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते. खेळ एकच असतो : भांड्यात घालणे आणि बाहेर काढणे. त्यासाठी दोन-तीन वाट्या, सहज उघडणाऱ्या झाकणाचा एक डबा आणि मुठीपेक्षा मोठी चार-पाच लाकडी किंवा कापडी फळे घ्या. चिरायचा संच, म्हणजे खोट्या सुरीने दोन भाग करायच्या जोडलेल्या फळांचा, आत्ता घेऊ नका. वापरला जाणार नाही. फळांचा खर्च दोनशे ते तीनशे रुपये.

दीड ते दोन वर्षे. मूल तुमची नक्कल करू लागते. चमचा स्वतः धरायचा प्रयत्न करते. दोन वर्षांच्या सुमारास बहुतेक मुले दोन खेळणी एकत्र वापरू लागतात. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने दोन वर्षांच्या टप्प्याच्या यादीत नेमके हेच उदाहरण दिले आहे : खोटे अन्न खोट्या ताटलीत ठेवणे. म्हणून आता एक ताटली, एक चमचा, एक पळी आणि भरवायला एखादी बाहुली किंवा अस्वल द्या. बाहुली घरात असेलच. नवी घेऊ नका.

दोन ते तीन वर्षे. आता चिरायचा संच, छोटे पोळपाट-लाटणे, फिरकीच्या झाकणाची बरणी आणि बोथट चिमटा द्या. अडीच वर्षांच्या सुमारास मूल झाकण फिरवू लागते आणि एखादा ठोकळाही पोळी समजून बाहुलीला भरवते. इथे तुमचे पैसे वाचतात. या वयापासून वस्तू हुबेहूब असण्याची गरज कमी होत जाते. महागड्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या संचासाठी जास्त पैसे मोजू नका.

डब्यावर ‘३+’ लिहिले असेल, तर तो हुशारीचा निकष नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की संचात घशात अडकण्याजोगे लहान भाग आहेत. ‘आमचा मुलगा चुणचुणीत आहे, चालेल’ असा विचार करून दीड वर्षाच्या मुलासाठी तो घेऊ नका. ० ते ३ वर आडवी रेघ मारलेले गोल चिन्ह दिसले, तर डबा परत ठेवा.

किती खर्च येतो

खऱ्या भांड्यांच्या दुकानातल्या लहान वस्तू : स्टीलची वाटी तीस ते साठ रुपये, फुलपात्र चाळीस ते ऐंशी, लहान डबा साठ ते सव्वाशे. सर्वांत स्वस्त, सर्वांत टिकाऊ. पुढे घरात वापरता येतात. पहिली खरेदी इथेच करा.

प्लॅस्टिकचा चिरायचा संच, वेल्क्रोचा : दोनशे ते सहाशे रुपये. सहा-आठ मोठ्या नगांचा, शिक्क्याचा संच अडीचशे-तीनशेत मिळतो.

लाकडी चिरायचा संच : सहाशे ते दीड हजार. हाताला वजन लागते, चिरताना छान आवाज येतो, मुले जास्त वेळ रमतात. घेण्यासारखा. फक्त आत वेल्क्रो आहे की चुंबक, हे विचारून घ्या.

कापडी भाज्या-फळे : तीनशे ते नऊशे. एक ते दीड वर्षाच्या मुलासाठी उत्तम. धुता येतात. शिवण ओढून पाहा.

स्टीलची भातुकली : दीडशे ते आठशे. नगांचा आकार बघा, मगच भाव करा.

पितळी भातुकली : लहान संच हजारापासून, मोठा तीन-चार हजारांपुढे. तीन वर्षांखालील मुलासाठी घेऊ नका. कारण पुढे दिले आहे.

मातीची भातुकली : पन्नास ते दीडशे. जत्रेत, बाजारात मिळते. फुटते, आणि तुकडे धारदार असतात. तीन वर्षांनंतर आणि तुमच्या समोरच.

प्लॅस्टिकचे उभे स्वयंपाकघर : हजार ते तीन हजार. लाकडी : पाच हजारांच्या पुढे. दोन्ही जागा खातात. खोक्यावर चार बर्नर रंगवले, तरी तीन वर्षांखालच्या मुलाला शेगडी मिळते. हा खर्च टाळा.

कुठे मिळते

पुण्यात तुळशीबाग. स्टील, पितळ, लाकूड, प्लॅस्टिक सगळे एका फेरीत पाहता येते. तांब्या-पितळेचेच हवे असेल, तर कसबा पेठेतली तांबट आळी. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि लगतच्या गल्ल्या, तसेच दादरचा बाजार. नाशिकला भांडी बाजार. नागपूरला इतवारी. कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळालगतचा महाद्वार रोड.

लाकडी फळे-भाज्यांसाठी सावंतवाडी. तिथली चितार आळी लाखकाम केलेल्या लाकडी फळांसाठीच ओळखली जाते. फळे मोठी, हुबेहूब आणि जोडाशिवाय असतात. एक मात्र लक्षात ठेवा. त्यातली बरीच फळे दिवाणखान्यात मांडायला केलेली असतात. ‘मूल तोंडात घालेल, चालेल का?’ असा थेट प्रश्न विचारा आणि रंग कोणता वापरला तेही विचारा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणीही पुण्या-मुंबईच्या हस्तकला प्रदर्शनांत येतात. ती पारंपरिक पद्धतीने लाखेच्या रंगांत केली जातात आणि त्यांना भौगोलिक मानांकन आहे. पण सगळ्याच दुकानदारांचे ‘चन्नपट्टण’ तिथले नसते. मानांकनाचा कागद किंवा कारागिराचे ओळखपत्र मागा.

वेळ कोणती? सकाळी दुकान उघडल्यावर, कामाच्या दिवशी. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात गर्दीमुळे दुकानदार डबा उघडून दाखवत नाहीत, आणि उघडून पाहिल्याशिवाय हा माल घ्यायचा नसतो.

ऑनलाइन घेत असाल, तर चार गोष्टी वाचल्याशिवाय पैसे भरू नका : प्रत्येक नगाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये दिली आहे का, विक्रेत्याचे नाव-पत्ता आहे का, उत्पादनाचा देश लिहिला आहे का, आणि माल परत घेण्याची मुदत किती. नगांचे माप दिलेले नसेल, तर तो संच सोडून द्या. फोटोत मुलाच्या हातातले गाजर केवढेही दाखवता येते.

दुकानात पाच मिनिटांची तपासणी

शिक्का. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. साध्या खेळण्यांसाठी मानक क्रमांक आयएस ९८७३, विजेच्या किंवा बॅटरीच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४. शिक्क्याच्या वर मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसता शिक्का पुरेसा नाही. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ हे मोफत अ‍ॅप घ्या, परवाना पडताळणीत तो क्रमांक टाका. कंपनीचे नाव आणि खेळण्याचा प्रकार जुळला पाहिजे. दोन मिनिटे लागतात.

सूट कुणाला? हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांच्या खेळण्यांना. त्यामुळे कारागिराकडच्या मालावर शिक्का नसेल. तिथे पुढच्या सगळ्या तपासण्या तुम्ही स्वतःच करा.

आकार. घरून निघताना पुठ्ठ्याची चार सेंटिमीटर रुंद तोंडाची नळी करून न्या. खेळण्याचा जो भाग तिच्यात पूर्ण जाईल, तो तीन वर्षांखालच्या मुलाला नाही. अधिकृत चाचणीतली नळी याहून अरुंद, सुमारे ३२ मिलिमीटरची असते. आपण थोडी मोठी घ्यायची, म्हणजे चूक झाली तरी मुलाच्या बाजूने होते. गोल वस्तूंना आणखी कडक नियम लावा. द्राक्षे, वाटाणे, चेरी, लाडू यांसारखे गोळे साडेचार सेंटिमीटरपेक्षा मोठेच असावेत. भातुकलीतले चमचे, कपबशी, वजने आणि झाकणांच्या मुठी इथेच नापास होतात.

कडा. कापसाचा बोळा भांड्याच्या काठावरून फिरवा. तंतू अडकले, तर काठ धारदार आहे. स्वस्त स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भातुकलीत हे नेहमी आढळते.

विळी आणि किसणी. धातूच्या भातुकलीत या दोन वस्तू असतातच आणि त्यांना खरी धार असते. संच घेतला, तरी या दोन्ही तिथेच काढून पिशवीत वेगळ्या ठेवा. दुकानदाराला त्या वगळून भाव करायला सांगा.

रंग. पांढरा ओला रुमाल जोरात घासा. रंग उतरला, तर माल नको. तीव्र वास येणारे प्लॅस्टिकही नको.

चुंबक. चिरायच्या काही संचांत फळाचे दोन भाग चुंबकाने जोडलेले असतात. चुंबक सुटला आणि मुलाने दोन गिळले, तर आतड्यांच्या पदरांतून ते एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकते. वेल्क्रोचाच संच घ्या.

बॅटरी. दिवा लागणारी शेगडी, आवाज करणारा मिक्सर यांत बटणासारखी चपटी बॅटरी असू शकते. ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर भाजू शकते. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद नसेल, तर ते खेळणे घरात आणू नका. बॅटरी किंवा चुंबक गिळल्याची शंका जरी आली, तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या.

पितळ. पितळेच्या काही प्रकारांत कापणे-कातणे सोपे जावे म्हणून शिसे मिसळलेले असते. मूल वस्तू चोखत असेल, त्या वयात पितळी भातुकली देऊ नका. आजीची जुनी पितळी भातुकली घरात असेल, तर ती जपून ठेवा आणि तीन वर्षांनंतर, चोखायची सवय पूर्ण गेल्यावर द्या. खेळून झाल्यावर हात धुवायला लावा.

पैसे कुठे जास्त जातात

नगांची संख्या. ‘४० नग, ४९९ रुपये’ ऐकायला स्वस्त वाटते. डबा उघडा आणि मोजा. सोळा कागदी स्टिकर, बारा बोटाएवढे चमचे-कप, उरले बारा कामाचे नग. म्हणजे नग साडेबारा रुपयांना पडला नाही, बेचाळीसला पडला. नळीची चाचणी पास होणारेच नग मोजा आणि किमतीला त्यानेच भागा.

छापील किंमत. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. ‘वर जीएसटी लागेल’ असे कोणी म्हटले, तर देऊ नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे बेकायदा आहे.

ऑनलाइनचे वरचे आकार. घरपोच शुल्क, हाताळणी शुल्क, घरी पैसे देण्याचे शुल्क, भेटवस्तूचे वेष्टन. दोनशेच्या संचावर शंभर रुपये सहज चढतात. शेवटच्या पानावरची बेरीज पाहून मगच भाव जुळवा. माल परत करताना घरपोच शुल्क परत मिळते का, तेही वाचा.

पितळेचे वजन. आधी विचारा : भाव वजनावर की नगावर? वजनावर असेल, तर मजुरी वेगळी का? काटा तुमच्यासमोर शून्यावर आहे ना? लाकडी मुठी आणि खोके वजनात धरू देऊ नका.

कल्हई. तांब्या-पितळेच्या भातुकलीला ‘कल्हई करून देतो’ असे सांगून पैसे लावले जातात. कल्हई लागते ती खरे अन्न शिजवायला किंवा ठेवायला. खोट्या खेळाला लागत नाही. नको म्हणा.

नाव घालणे. मशीनने नाव कोरायचे पैसे अक्षरावर असतात. लहान भांड्यावर कोरल्याने काठ खरखरीत होतो. हौस असेल, तर खोक्यावर नाव लिहा.

बॅटऱ्या. ‘बॅटरी सोबत नाही’ ही ओळ बारीक अक्षरात असते. पुढे दर महिन्या-दोन महिन्यांचा खर्च. बॅटरीचे खेळणे मुळात लागतच नाही. अमेरिकेतल्या नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या अ‍ॅना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांच्या मुलांच्या २६ कुटुंबांत घरातले बोलणे रेकॉर्ड केले. बोलणारी-वाजणारी खेळणी समोर असताना पालकही कमी बोलले आणि मुलेही. पुस्तके किंवा साधी खेळणी समोर असताना बोलणे वाढले. हा अभ्यास २०१६ साली छापला गेला. म्हणजे ‘एबीसी’ म्हणणारा मिक्सर जास्त पैसे घेतो आणि घरातले बोलणे कमी करतो.

जास्तीचा संच. एका वाढदिवसाला तीन संच आले, तर एकच उघडा. टोलेडो विद्यापीठाने २०१८ साली दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिली. चार असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. बाकीचे संच कपाटात ठेवा, महिन्याने बदला. नवे घ्यायची गरज पडणार नाही.

एकही रुपया खर्च न करता

स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा एक कप्पा मुलाला द्या. त्यात ठेवा : दोन पातेल्या, एक गाळणी, लाकडी पळी, झाकणाचा डबा, जुना पोळपाट. भाजीच्या टोपलीतून अख्खा बटाटा, कांदा, कारले, काकडी, दुधी. खऱ्या भाजीला वास असतो, थंडपणा असतो, कारल्याचा खडबडीतपणा असतो. शब्द लवकर बसतात. खेळून झाले की धुवा आणि भाजी करा.

पोळ्यांच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा रोज मुलाला द्या. मळणे, चपटा करणे, लाटणे, तुकडे करणे. बोटांना यापेक्षा चांगला व्यायाम विकतही मिळत नाही. मीठ घालून टिकाऊ गोळा करू नका. मूल खाईल आणि एवढे मीठ त्याला घातक आहे. रोज ताजी कणीक, खेळून झाली की टाकून द्या.

इथेही एक सावधगिरी. चार वर्षांपर्यंत हरभरे, शेंगदाणे, वाटाणे, राजमा, कडधान्ये खेळायला देऊ नका. डाळ-तांदूळ ओतायचा खेळ लोकप्रिय आहे, पण दाणे नाका-कानातही जातात. ओतायला पाणी द्या. मोरीत किंवा गॅलरीत, वाटीभरच.

हातांसाठी : कोणती हालचाल, कशाने

चिमटीची पकड : कणकेचे छोटे तुकडे उचलून ताटलीत ठेवणे. पुढे हीच पकड बटण लावायला आणि पेन्सिल धरायला लागते.

दोन्ही हातांची दोन वेगळी कामे : वेल्क्रोची काकडी एका हाताने धरणे, दुसऱ्याने चिरणे. सुरीखाली दाबायला जड जात असेल, तर वेल्क्रो अर्धाच चिकटवा. दुकानात तपासताना तुमच्या एका बोटाच्या दाबाने फळ उघडले पाहिजे. जोर लागला, तर मूल दोनदा प्रयत्न करून फेकून देईल.

मनगट : पळीने ढवळणे, बरणीचे झाकण फिरवणे, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतणे.

पंजाची ताकद : कणीक मळणे, चिमट्याने कापडी फळ उचलणे.

एका वेळी एकच हालचाल घ्या. मुलाचा हात धरून करवून घेऊ नका. तुम्ही शेजारी बसून स्वतः करा, मूल पाहून करेल. डावा हात पुढे आला, तर उजवा करायला लावू नका.

बोलण्यासाठी : काय बोलायचे

पहिला नियम : प्रश्न कमी, वर्णन जास्त. ‘हे काय? हा रंग कोणता? आकडे म्हण’ हा खेळ नाही, परीक्षा आहे. त्याऐवजी हातातले काम शब्दांत सांगा. ‘मी कांदा चिरते. चिरला! आता पातेल्यात टाकला. ढवळ, ढवळ. गरम आहे हं!’

दुसरा नियम : थांबा. वाक्य बोलून झाल्यावर मनात पाच आकडे मोजा. मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण दोन सेकंदांत पुन्हा बोलतो आणि त्याची पाळी जाते.

तिसरा नियम : दोनच पर्याय. ‘काकडी देऊ की टोमॅटो?’ बोट दाखवले, तरी चालेल. ‘टोमॅटो! घे टोमॅटो’ म्हणून शब्द त्याच्या हाती द्या.

चौथा नियम : एक शब्द वाढवा. मूल म्हणाले ‘पोळी’, तर तुम्ही म्हणा ‘गरम पोळी’. मूल म्हणाले ‘चहा दे’, तर ‘आजोबांना चहा दे’. चुकीचा उच्चार दुरुस्त करायला लावू नका. ‘बताता’ म्हणाले, तर ‘हो, बटाटा’ एवढेच.

क्रियापदे मुद्दाम वापरा. भाज्यांची नावे सगळेच शिकवतात. वाक्य तयार होते ते चिर, सोल, ओत, ढवळ, लाट, भाज, वाढ, दे, घे, संपले यांनी. त्यांच्या जोडीला गरम-गार, आंबट-गोड, आत-बाहेर, वर-खाली, अजून-पुरे. तो कांदा, ती भेंडी, ते वांगे, हे लिंगही मुलाच्या कानावर आपोआप पडते. वेगळे शिकवू नका, फक्त पूर्ण वाक्यात बोला.

म्हणूनच संच निवडताना घरातल्या जेवणाशी जुळणारा निवडा. ब्रोकोली, क्रोसाँ आणि हॉटडॉगच्या संचाबद्दल मुलाला दिवसभरात एकही शब्द ऐकू येत नाही. टोमॅटो, कांदा, वांगे, केळे आणि पोळी याबद्दल रोज दोन वेळा ऐकू येतो. बाजारच्या संचात पोळी नसेल, तर जाड फेल्टच्या दोन चकत्या कापा. भाकरी, पोळी, पापड सगळे त्यातून निघते. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांसाठी संच नेत असाल, तर हाच नियम दुप्पट लागू आहे. तिथे मराठी कानावर पडते ते घरातच, आणि त्यातही बरेचसे जेवणाच्या वेळी.

वेळ किती? दीड वर्षाचे मूल पाच मिनिटांत उठून जाईल. जाऊ द्या. अडीच वर्षांचे पंधरा मिनिटे रमेल. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आजी-आजोबा, पाळणाघरातल्या मावशी, कोणीही चालेल, पण दिवसातून एकदा एक माणूस पूर्ण लक्ष देणारा हवा.

धुणे आणि टिकवणे

स्टील आणि प्लॅस्टिक साबणाच्या पाण्याने आठवड्यातून एकदा. पोकळ फळांत पाणी शिरते आणि आत बुरशी धरते. दाबून पाहा, पाणी निघाले तर टाकून द्या. लाकूड पाण्यात बुडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. वेल्क्रोत केस-धागे अडकून तो ढिला होतो. जुन्या टूथब्रशने काढा, नवा संच घ्यावा लागणार नाही. वेल्क्रोची चकती सुटू लागली, तर लगेच काढून टाका. ती गिळण्याच्या आकाराची असते. महिन्यातून एकदा सगळे नग हातात घेऊन तपासा. पितळ चिंचेने किंवा पावडरीने घासले, तर स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा.

माल खराब निघाला तर

लागणारी कागदपत्रे तीनच : पक्के बिल, डब्यावरच्या शिक्क्याचा आणि किमतीचा फोटो, खराब भागाचा फोटो. म्हणून डबा महिनाभर फेकू नका. बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर तीस दिवसांत सदोष माल परत घेणे दुकानदारावर बंधनकारक आहे.

दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मोफत. शिक्का खोटा वाटला, तर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवरूनच तक्रार करा. प्रकरण पुढे न्यायचे असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला अर्जाचे शुल्क नाही. तीनशेच्या संचासाठी आयोगापर्यंत जावे लागत नाही. बहुतेक वेळा १९१५ चा तक्रार क्रमांक दाखवल्यावर काम होते.

खेळण्याने भागणार नाही, तेव्हा

भातुकली हे उपचार नव्हेत. पुढचे काही दिसले, तर नवा संच घेण्यात महिने घालवू नका, बालरोगतज्ज्ञाकडे जा : दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नाही किंवा बोट दाखवून काही मागत नाही. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही. हाक मारल्यावर वळून पाहत नाही. येत असलेले शब्द बोलणे बंद केले. एकच हात वापरते, दुसरा मूठ करून ठेवते. पहिली तपासणी कानांची मागा. ऐकू कमी येत असेल, तर बाकी सगळे नंतर.

खर्च? सरकारी मार्ग मोफत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. अंगणवाडी सेविकेला पुढच्या तपासणीची तारीख विचारा. जाताना मातृ व बाल संरक्षण कार्ड, जन्माचा दाखला आणि पालकाचे आधार कार्ड न्या. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवण क्षेत्रातली राष्ट्रीय संस्था आहे. खासगी वाचा-उपचारांना शहरांत एका सत्राचे साधारण पाचशे ते दीड हजार रुपये पडतात. तीन प्रश्न आधी विचारा : सत्र किती मिनिटांचे, पहिल्या तपासणीचे पैसे वेगळे का, आणि दहा-वीस सत्रांचे पैसे आधी भरले तर सोडल्यावर उरलेले परत मिळतात का. उत्तर लेखी मिळेपर्यंत एकगठ्ठा पैसे भरू नका.

पाचशे रुपयांची यादी

भांड्यांच्या दुकानातून दोन वाट्या आणि एक झाकणाचा डबा : दोनशे. लाकडी पळी : पन्नास. शिक्क्याचा, वेल्क्रोचा सहा-आठ मोठ्या नगांचा संच : अडीचशे. मूल दीड वर्षाखालचे असेल, तर संचाऐवजी त्याच पैशांत चार कापडी किंवा लाकडी फळे. कणीक आणि भाज्या घरच्या. यापुढे दुकानदार जे काही वर घालू पाहील, त्याला विचारा : याने माझ्या मुलाच्या हाताला किंवा तोंडाला नवे काय मिळेल? पटण्याजोगे उत्तर मिळाले नाही, तर पाकीट बंद करा. तेवढ्या वेळात घरी एक पोळी लाटून होईल, आणि शेजारी मूल आपला गोळा लाटत बसलेले असेल, तर दहा शब्दही होतील.